करकंबकर बाईंची आठ दिवसांची रजा

यशोदाबाई करकंबकर हरवलेल्या नव्हत्या. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, कारण फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात सोलापूर जिल्ह्यातल्या निम्म्या फोनांवर त्या हरवल्याचा निरोप फिरत होता, आणि ज्यानं तो वाचला त्यानं 'अरेरे' म्हणून आणखी चार ग्रुपांवर ढकलला. निरोपात त्यांचा फोटो होता. पुतण्याच्या लग्नातला, अंगावर शालू, नाकात नथ. खाली मजकूर होता: 'सदर महिला, वय ६१, आज पहाटे राहत्या घरातून रागाच्या भरात निघून गेल्या आहेत. मानसिक संतुलन ठीक नाही. कुठे आढळल्यास खालील क्रमांकावर संपर्क साधावा.'

त्या वेळी सदर महिला कुठे होत्या? चिंचोळी एमआयडीसीच्या थोडं पुढे, रस्त्याकडेच्या बाभळीखाली बसून, डाव्या पायातला मोजा काढून टाच बघत होत्या. टाच लाल झाली होती, फोड नव्हता. पहाटे साडेपाचला निघून, पाठीवर सहा किलोंची सॅक घेऊन त्या चौदा किलोमीटर चालून आल्या होत्या आणि वाटेत एकदाही ठेचकाळल्या नव्हत्या. संतुलन म्हणजे आणखी काय असतं, हे तो निरोप लिहिणाऱ्यानं एकदा समजावून सांगावं.

निरोप लिहिणारा त्यांचा स्वतःचा मुलगा होता, हृषीकेश. शिकलासवरलेला, एका खासगी कंपनीत बऱ्या हुद्द्यावर, आईवर प्रेम करणारा. वाईट माणसानं केलं असतं तर एक वेळ सोडून दिलं असतं. चांगली माणसं काळजीच्या नावाखाली जे करतात, त्याला कुणी जाबही विचारत नाही, हे खरं दुखणं.

यशोदाबाईंनी तेहतीस वर्षं सोलापुरातल्या एका सरकारी कचेरीत आस्थापना शाखेत काढली. दुसऱ्यांच्या रजा आणि दुसऱ्यांच्या फिरत्या, हे त्यांचं टेबल. गावोगाव फिरणारे साहेब महिन्याच्या शेवटी फिरतीची दैनंदिनी सादर करत. तारीख, कुठून, कुठे, किती किलोमीटर, कशाने, आणि शेवटचा रकाना, फिरतीचे कारण. तो रकाना कोरा आला की करकंबकर बाई दैनंदिनी परत पाठवत. 'कारण नमूद करून फेरसादर करावे.' साहेब लोक त्यांना टरकून असत. एकदा एक मोठे साहेब हसत म्हणाले होते, "बाई, तुम्ही कधी बसल्या जागेवरून उठला नाहीत, पण जिल्ह्यातली एकेक वाट तुम्हाला पाठ." सगळे हसले होते, बाईही हसल्या होत्या. घरी येऊन मात्र त्यांना पोळी गोड लागली नव्हती.

स्वतःच्या रजा त्यांनी घेतल्या, नाही असं नाही. बाळंतपणाला घेतली. सासूबाई अंथरुणाला खिळल्या तेव्हा घेतली. यजमान, मुकुंदराव, शाळेत मास्तर होते. त्यांची मूत्रपिंडं गेली तेव्हा दोन वर्षं आठवड्यातून दोनदा अर्धी रजा. अर्जात कारणाच्या जागी दर वेळी दुसऱ्याच कुणाचं तरी नाव. निवृत्तीच्या दिवशी हार, श्रीफळ, भाषणं झाली. 'बाई आता आराम करा' असं सतरा जणांनी सांगितलं. आराम म्हणजे नातवंडं सांभाळा, देवपूजा करा आणि खुर्चीतून उठताना 'आई गं' म्हणा.

'आई गं' तर त्या म्हणत होत्याच. गुडघे धरले होते. डॉक्टर म्हणाले वजन उतरवा, चाला. म्हणून त्या रोज सकाळी सिद्धेश्वर तलावाच्या बाजूनं फेऱ्या मारू लागल्या. पहिल्या महिन्यात एक फेरी, तीन ठिकाणी बसून. मग दोन. मग न बसता तीन. आणि एका गुरुवारी फेऱ्या झाल्यावर घराच्या वळणाशी वळायच्या त्या वळल्याच नाहीत. सरळ निघाल्या त्या शहराच्या टोकाला असलेल्या बाळ्यापर्यंत. तिथं खंडोबाला हात जोडले, टपरीवर चहा घेतला आणि बसनं परत आल्या. आज आपण कुठंही जायला कुणाला विचारलं नाही, हे त्यांच्या लक्षात आलं ते घराचं दार वाजवताना. दार उघडता उघडता सूनबाई वैदेहीनं विचारलंच, "आई, कुठं होता तुम्ही? कशासाठी गेला होता?"

तेव्हापासून दोन वर्षं त्या शिकत होत्या. होय, शिकतच. चालणं ही काय शिकायची गोष्ट आहे, असं ज्यांना वाटतं त्यांनी उन्हात वीस किलोमीटर चालून बघावं आणि मग बोलावं. पायात दोन मोजे घालायचे, आतला पातळ, बाहेरचा जाड, म्हणजे घासायचं ते मोज्याला मोजा घासतो, कातडीला नाही. बोटांची नखं निघायच्या चार दिवस आधी कापायची, आदल्या दिवशी नाही. बूट एक नंबर मोठा, कारण दुपारी पाय फुगतो. पाण्यात चिमूटभर मीठ आणि साखर. खायला कडक भाकरी आणि शेंगाची चटणी, आठ दिवस काही होत नाही. कुत्रं अंगावर आलं तर पळायचं नाही, खाली वाकून दगड उचलल्यासारखं करायचं. साठाव्या वर्षी त्यांनी पहिल्यांदा पंजाबी ड्रेस घातला, कारण साडीचा घोळ काट्यात अडकतो. त्या दिवशी जिन्यात भेटलेल्या शेजारणीनं त्यांना पायापासून डोक्यापर्यंत बघितलं आणि "काय, नातवाचं लग्न ठरलं की काय?" असं विचारलं. नातू तेव्हा दुसरीत होता.

गुडघे? दुखायचे. पण आता ते चालून दुखायचे, बसून नाही. हा फरक ज्याला कळतो त्यालाच कळतो.

आणि मग जेऊर. करमाळा तालुक्यातलं जेऊर हे त्यांचं माहेर. लग्नानंतर अडतीस वर्षं त्या जेऊरला रेल्वेनं गेल्या. खिडकीशी बसून स्टेशनं म्हणायची त्यांना सवय होती. बाळे, पाकणी, मोहोळ, अनगर, माढा, कुर्डुवाडी, केम, जेऊर. गाडीतून ही सगळी गावं म्हणजे पिवळ्या पाट्या. एकाही पाटीमागच्या गावात त्यांनी पाऊल ठेवलं नव्हतं. रुळाच्या अंगाअंगानं, गावरस्त्यांनी, पाटीमागून पाटी गाठत, आपल्या पायांनी माहेरी जायचं, असं त्यांनी ठरवलं. साधारण सव्वाशे किलोमीटर. दिवसाला सतरा-अठरा. सात दिवस चालणं, एक दिवस हाताशी.

आता इथं यशोदाबाईंची चूक सांगतो. ती त्यांच्याच जातीच्या, म्हणजे कारकुनाच्या जातीच्या माणसाकडून होणारी चूक आहे. दुसरी कुणी बाई असती तर भांडली असती, रडली असती, नाही तर गुपचूप गेली असती. यशोदाबाईंनी अर्ज केला.

खरोखरीचा अर्ज. संक्रांतीला भरणारी गड्ड्याची जत्रा नुकतीच सुरू झाली होती. जेवणं झाल्यावर त्यांनी मुलासमोर कागद ठेवला. 'विषय: आठ दिवसांची रजा मंजूर करणेबाबत.' खाली तारखा, मार्ग, रोजच्या मुक्कामाचं गाव, तिथल्या एकेका ओळखीच्याचा नंबर, आणि शेवटी टीप: 'बॅटरी वाचवण्यासाठी फोन दिवसभर बंद राहील. संध्याकाळी सात ते साडेसात चालू राहील.' हृषीकेश पोट धरून हसला. "आई, तू म्हणजे कमाल आहेस," म्हणाला, खिशातून पेन काढलं, आणि अर्जाच्या डाव्या कोपऱ्यात, साहेब लोक लिहितात तसं तिरकं, 'मंजूर' लिहून झोकात सही ठोकली. वैदेहीनं फोटो काढून स्टेटसला ठेवला. पंचवीस जणांनी हसरे चेहरे पाठवले.

त्यांच्या लेखी तो विनोद होता. यशोदाबाईंच्या लेखी सही झाली होती. ज्या बाईनं तेहतीस वर्षं सहीचा कागद म्हणजे झालेलं काम मानलं, तिला त्यात विनोद कुठून दिसणार? मूळ प्रत त्यांनी प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये घालून सॅकमध्ये ठेवली. दुसरी प्रत फ्रिजवर चुंबकानं लावली. तीन आठवडे ती तिथं होती. दूध काढताना, ठेवताना रोज घरातल्या मोठ्या माणसांच्या नाकासमोर. कुणी वाचली नाही. आईनं लिहिलेला कागद म्हणजे किराण्याची यादी, हे गृहीतच धरलेलं.

पहिल्या दिवशी संध्याकाळी सात वाजता पाकणीत त्यांनी फोन चालू केला. बेचाळीस मिस्ड कॉल. त्यांनीच लावला.

"आई! कुठं आहेस तू? वेड लागलंय का तुला?"

"पाकणीत आहे. अर्जात लिहिलंय. पहिला मुक्काम पाकणी."

"कसला अर्ज? अगं तो... आई, तो विनोद होता! खरंच कोण जातं असं? उद्या सकाळी पहिल्या बसनं परत ये. लोक काय म्हणतील?"

"लोकांना काय सांगितलंस?"

निरोपाचं हृषीकेशनं सांगितलं नाही. तो मागेही घेतला नाही. आई सापडली, ठणठणीत आहे, ओळखीच्यांकडे उतरली आहे, हे कळल्यावर दोन ओळी लिहायला कितीसा वेळ लागतो? पण लिहिलं असतं तर 'मग गेल्या कुठं होत्या?' असं विचारलं असतं लोकांनी, आणि 'चालत माहेरी निघाल्यात' हे सांगायची त्याला लाज वाटली. आई वेडी असल्याचं सांगायची वाटली नाही.

यशोदाबाईंनी साडेसातला फोन बंद केला. त्या उतरल्या होत्या दगडाबाईंच्या घरी. दगडाबाई ही कचेरीतल्या एका शिपायाची बहीण, साठीतलीच, शेतकरीण. ओसरीवर कडब्याच्या पेंढ्या, चुलीवर पिठलं. यशोदाबाईंनी वही काढून दैनंदिनी लिहायला घेतली. सोलापूर ते पाकणी, अठरा किलोमीटर, पायी. शेवटचा रकाना आला आणि पेन थांबलं. त्यांनी वही स्वतःच आखली होती आणि सवयीनं तोही रकाना आखला होता. फिरतीचे कारण.

"नवस हाय व्हय?" दगडाबाईंनी विचारलं.

"नाही हो."

"मंग कुनाशी भांडून?"

"तसंही नाही."

दगडाबाई पिठल्यात पळी फिरवत राहिल्या. "आमी बी चालतो की. वस्तीवरनं रानात, रानातनं गावात. जलम गेला. आमाला न्हाय कुनी इचारलं का चालता म्हनून. काम हाय म्हनून चालतो, मंग कोन इचारतंय? बिनकामाची बाई चालली की समद्यास्नी काय तरी व्हतंय बगा." मग त्या खो खो हसल्या. "जावा की बिनकामाचं! मी आले असते, पर उद्या ज्वारी काडायला माणसं सांगितल्यात."

यशोदाबाईंना जरा लाजच वाटली. आपण दोन वर्षं शिकून जे मिळवलं, ते या बाईच्या पायात जन्मापासून आहे, आणि तिला एक दिवसाची रजाही नाही. त्यांनी कारणाचा रकाना तसाच ठेवला. मुक्कामाच्या शेऱ्यापुढं दगडाबाईंची सही घेतली. बचत गटामुळं सही शिकलेल्या दगडाबाईंनी जीभ बाहेर काढून, कागद फाटेल इतकं दाबून सही केली. दुसऱ्या दिवशी दुपारी मोहोळमध्ये चहावाल्याची सही घेतली. चहावाला सही करताना त्यांच्या तोंडाकडे जरा जास्तच बघत होता. पण त्यांचा चेहरा उन्हानं रापलेला, डोक्याला पंचा, नाकात नथ नाही. त्यानं वही परत दिली.

तिसऱ्या दिवशी घात झाला.

मोहोळ सोडून त्या अनगरच्या वाटेला लागल्या होत्या. हवा छान होती. दोन्ही बाजूंनी ज्वारी काढणीला आलेली. एका शेतात हुरडा भाजणाऱ्यांनी हाक मारून ओंजळभर दिला होता. गुडघा दुखत नव्हता, टाचेची लाली ओसरली होती, आणि यशोदाबाई चक्क गुणगुणत होत्या. मागून मोटारसायकल आली, पुढं जाऊन थांबली. दोन पोरं. एकानं फोनकडे बघितलं, मग यांच्याकडे, मग फोनकडे.

"युवराज, ह्याच हायत बग!"

युवराज गाडीवरून उतरला आणि हळूहळू, दोन्ही हात पुढं करून चालत आला. बुजलेल्या वासराला धरायला जातात तसा. "मावशी, घाबरू नका हां. तुमाला घरी सोडतो आमी."

"मी कशाला घाबरू? माझं घर मला माहीत आहे. मी अनगरला चालले आहे."

"व्हय व्हय. जाऊ या की अनगरला."

"तू असा सावकाश का बोलतोयस माझ्याशी?"

"न्हाय मावशी. पानी पिता का?"

तेव्हा त्यांनी फोन बघितला. नथ, शालू, 'मानसिक संतुलन ठीक नाही.' खाली हृषीकेशचा नंबर. यशोदाबाईंच्या कानशिलात रक्त चढलं. तीन दिवस, तीन दिवस हे गावोगाव फिरतंय, आणि त्यानं आपल्याला सांगितलंही नाही! त्या मोठ्यानं म्हणाल्या, "हे खोटं आहे! मी हरवलेली नाही! मी ठणठणीत शहाणी आहे!"

दोघा पोरांनी एकमेकांकडे बघितलं. शहाण्या माणसाला 'मी शहाणी आहे' असं ओरडायची पाळी आणली, की तो ओरडतो तितका वेडा दिसतो. त्या शांत बोलल्या तर 'औषधाचा अंमल असंल' आणि चिडल्या तर 'बगा, म्हनलं न्हवतं.' यातून सुटायला वाट कुठंय? तोवर एक जीप थांबली, चार माणसं जमली. एका बाईनं त्यांच्या डोक्यावरून हात फिरवला. कुणी तरी सॅक उतरवून घेतली. सगळे प्रेमानं वागत होते, आणि यशोदाबाईंना आयुष्यात इतका अपमान कधी वाटला नव्हता.

जीपमध्ये चढण्याआधी त्यांनी एक गोष्ट केली. वही मागून घेतली, घड्याळ बघितलं आणि लिहिलं: 'स. ११.२०. कालव्याचा पूल, अनगर ६ कि.मी.चा दगड. येथून उचलले.' लोकांनी ते वाचलं नाही. वेड्या बाईला वही दिली की ती शांत राहते, एवढंच त्यांना कळलं.

जवळच्या पोलीस चौकीत धोंडीराम हवालदार होते. निवृत्तीला दोन वर्षं राहिलेले, पोट सुटलेले, माणूस बरा. त्यांनी खुर्ची दिली, चहा मागवला, मुलाला फोन लावला. दीड तासानं हृषीकेश गाडी घेऊन आला. चेहरा उतरलेला, आईला बघून डोळ्यांत पाणी. यशोदाबाईंना वाटलं, आता तो सांगेल. म्हणेल, मामा, चूक माझी झाली, आई सांगून निघाली होती, परवाच फोनवर बोललो आम्ही.

तो म्हणाला, "वय झालंय हो मामा. हट्टी झाल्यात जरा. बाबा गेल्यापासून असं होतंय. एक हमीपत्र लिहून घ्या ना त्यांच्याकडून. पोलिसांसमोर लिहिलं की ऐकतील."

आईला सहीच्या कागदाचा धाक आहे, हे त्याला ठाऊक होतं. पोटच्या पोरानं बरोबर तिथंच हात घातला.

धोंडीरामांनी लिहिलं. 'मी यशोदा मुकुंद करकंबकर लिहून देते की, यापुढे घरच्यांच्या परवानगीशिवाय घर सोडणार नाही.' कागद पुढं सरकवला. यशोदाबाईंनी चष्मा पुसला आणि दोनदा वाचला.

"सही करणार नाही."

"आई, प्लीज. संपव हे."

"हे बघा हवालदार." त्यांनी वही टेबलावर ठेवली. "तीन दिवस. निघाल्याची वेळ, पोचल्याची वेळ, किलोमीटर, मुक्काम, साक्षीदाराची सही. मी एक मिनिटही हरवलेली नव्हते. परवा संध्याकाळी याच्याशी बोलले आहे. विचारा याला."

धोंडीरामांनी वही चाळली. दगडाबाईंच्या सहीशी थांबले. "बोलणं झालतं का ओ साहेब?"

हृषीकेश खाली बघत म्हणाला, "झालं होतं. पण मी परत ये म्हणालो होतो."

"मावशी, वही लई झ्याक लिवलीय," धोंडीराम डोकं खाजवत म्हणाले. "पर पोराचा जीव बी ऱ्हायला पायजे की. न सांगता निगालात तुमी."

'न सांगता' ऐकलं आणि यशोदाबाईंनी सॅकमधला फोल्डर काढला. अर्ज टेबलावर ठेवला. डाव्या कोपऱ्यावर बोट टेकवलं. मंजूर. खाली झोकदार सही.

धोंडीरामांनी वाचलं. पुन्हा वाचलं. मग टेबलावर थाप मारून हसले. "अवो साहेब, तुमीच मंजूर केलीय की! मार्ग हाय, तारका हायत, फोनचा टाइम बी हाय! मंग प्रश्नच मिटला. पोराची परवानगी हाय म्हनल्यावर आमी कोन आडवनार? जावा मावशी, सुखानं जावा."

चौकीतले सगळे हसले. हृषीकेशही ओशाळून हसला, सुटल्यासारखा. युवराज दारात उभा होता, तोही हसला. कागद जिंकला होता, काम झालं होतं.

आणि यशोदाबाईंच्या अंगाची लाही लाही झाली.

तीन दिवसांचं चालणं टेबलावर पडलं होतं, त्यानं प्रश्न मिटला नाही. साक्षीदारांच्या सह्यांनी मिटला नाही. त्यांनी स्वतःच्या तोंडानं स्वच्छ सांगितलं, त्यानं तर नाहीच. मिटला तो कशानं? ज्याला बोट धरून त्यांनी चालायला शिकवलं, त्यानं थट्टेत खरडलेल्या एका शब्दानं. एकसष्ट वर्षांची बाई शहाणी की वेडी, हे त्या शब्दावर ठरलं. त्यांना हृषीकेशचा राग आला, हवालदारांचा आला, आणि सगळ्यांत जास्त स्वतःचा आला. मागायला गेलं कोण? अर्ज घेऊन त्याच्या पुढ्यात बसलं कोण?

"पेन द्या," त्या म्हणाल्या.

हवालदारांनी दिलं. यशोदाबाईंनी विषयाची ओळ वाचली, 'आठ दिवसांची रजा मंजूर करणेबाबत.' कचेरीतली पट्टी नव्हती, म्हणून हमीपत्राच्या कागदाचीच कड धरून त्यांनी 'मंजूर करणेबाबत' यावर सरळ रेघ मारली. वर लिहिलं, 'घेत असल्याबाबत. केवळ माहितीसाठी.' मग डाव्या कोपऱ्यातल्या 'मंजूर'वर आणि सहीवर रेघ मारली. खोडाखोडीशेजारी तारीख, वेळ आणि स्वतःची पूर्ण सही केली.

"याची एक प्रत काढून घ्या, आणि मूळ कागदावर पोच द्या. तारीख आणि शिक्का."

"अवो मावशी, ह्याला शिक्का कशाला?"

"तेहतीस वर्षं लोकांचे कागद घेतलेत मी. पोच घेतल्याशिवाय उठणार नाही."

धोंडीरामांनी फोनवर कागदाचा फोटो काढला आणि मुकाट्यानं शिक्का मारला. हसणं थांबलं होतं.

"हृषीकेश, चल. गाडी काढ."

"हो आई. चल, घरी वैदेही वाट बघतीय, तिनं..."

"घरी नाही. कालव्याचा पूल. जिथून उचललं, तिथं सोड मला."

गाडीत पंधरा मिनिटं यशोदाबाई बोलल्या. "ज्या ज्या ग्रुपवर टाकलंस, तिथं शुद्धिपत्रक टाक. मी सांगते तसं. 'सदर महिला हरवलेल्या नव्हत्या. त्यांचं संतुलन ठीक आहे. मजकूर मुलानं लिहिला होता, तो चुकीचा होता.' खाली तुझं नाव."

"आई, ऑफिसचे लोक आहेत त्या ग्रुपवर."

"माझे नव्हते?"

पूल आला, दगड आला. अनगर ६. हृषीकेशनं गाडी थांबवली नाही, नुसती हळू केली. "अनगरपर्यंत तरी सोडतो. सहाच किलोमीटर तर आहेत. कोण बघतंय?"

"थांबव."

त्या उतरल्या. सॅक पाठीवर चढवली, छातीवरचा पट्टा लावला, दगडावर पाय ठेवून बुटाची नाडी आवळली. वही काढून लिहिलं, 'दु. ३.१०. त्याच ठिकाणाहून पुढे.' हृषीकेशही उतरला होता. गाडीच्या दाराला धरून उभा होता, लहानपणी शाळेच्या दाराशी उभा राहायचा तसाच.

"आई, एकच सांग. मी भांडत नाही. हे सगळं कशासाठी?"

यशोदाबाईंनी वहीच्या शेवटच्या रकान्याकडे बघितलं. तीन दिवस कोरा. कचेरीत असत्या तर त्यांनी स्वतःच ही वही परत पाठवली असती. त्यांनी पेन टेकवलं आणि पहिल्या दिवसापासून आजपर्यंत, एकेका ओळीपुढं, एकच शब्द लिहिला. निरंक. मग वही मिटली.

"काही नाही," त्या म्हणाल्या. "काही कारण नाही."

आणि चालू लागल्या. बरंच अंतर गेल्यावर मागून त्याची हाक आली, "पोचलीस की फोन कर!"

त्यांनी मान वळवली नाही. "सात ते साडेसात," त्या मोठ्यानं म्हणाल्या. "फ्रिजवर लावलंय. आता तरी वाच."